बिनरेंजचा मोबाईल

आमच्या गावात मोबाईलला रेंज नव्हती, आणि तरीही गावातला पहिला मोबाईल सिस्टरनी घेतला. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या छत्र्या आमच्या शिवारातून दिसतात. त्यांच्यामुळंच इकडं टॉवर उभारत नाहीत, असं लोक सांगायचे. खरंखोटं मला ठाऊक नाही, पण फोनवर बोलायचं तर नारायणगावच्या वाटेवरचा चढ चढून जावं लागे. सिस्टर त्या चढावर फोन घेऊन कधी उभ्या राहिल्या नाहीत. उपकेंद्राच्या ओट्यावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून, त्या अंगठ्यानं बटणं दाबत असायच्या.

डेअरीला दूध घालून परतणाऱ्या एकानं एकदा त्यांना विचारलं, "सिस्टर, हितं लागतो का फोन?"

"नाय लागत."

"मग घेतला कशापायी?"

"मला कुणाशी बोलायचं नाय," सिस्टर म्हणाल्या. "मला आठवायचं हाय."

त्या आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. चार गावं आणि तेवढ्याच वाड्यावस्त्या त्यांच्याकडं होत्या. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, बाळंतपणं, सगळं त्यांच्या एकटीच्या पायांवर. मी त्याच गावात अंगणवाडी चालवायची. लसीकरणाच्या दिवशी पोरं आणि आया गोळा करायचं काम माझं आणि टोचायचं त्यांचं, म्हणून आमची गाठ पडली. मी पंचविशीची आणि त्या चाळिशी ओलांडलेल्या. उंच, सडसडीत, चालताना पुढं झुकायच्या, जणू वाटच त्यांना ओढून नेतेय. मला नावानं कधी हाक मारली नाही. सगळ्या गावाची मी 'बाई', तशी त्यांचीही बाईच.

त्या मूळच्या जुन्नरच्या, मुस्लिम कागदी घराण्यातल्या. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात हातानं कागद बनायचा. जुन्नरी कागद एके काळी लांबलांब जायचा. "आमच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या कागद केला," त्या म्हणायच्या, "आणि माझा कागदावर इस्वास नाय."

पूर्वी होता, तो मी बघितलाय. मी नव्वदच्या सुमारास अंगणवाडीत लागले, तेव्हा सिस्टरच्या पदराला सेफ्टी पिना लावलेल्या असायच्या आणि प्रत्येक पिनेत एक चिठ्ठी. अमकीला गोळ्या, तमक्याच्या पोराचा दुसरा डोस, शाळेतल्या हौदात औषध टाकणं. सकाळी पदर चिठ्ठ्यांनी भरलेला असायचा. काम झालं की पीन काढून त्या तोंडात धरायच्या आणि चिठ्ठी फाडायच्या. संध्याकाळी पदर मोकळा दिसला की समजायचं, आज सिस्टर जेवणार. एकदा आरोग्य केंद्रात वरचे साहेब तपासणीला आले तेव्हा कुणीतरी म्हणालं, सिस्टर, पदर तरी नीट करा. त्या म्हणाल्या, "पदर नीटच हाय. कामं ऱ्हायलीत."

त्या पिना एका दिवसात गेल्या. ओढ्यापलीकडं वरचा मळा म्हणून वस्ती आहे. तिथल्या एका सुनेला सातवा महिना होता आणि अंगात रक्त फार कमी होतं. गुरुवारी तिला नारायणगावच्या दवाखान्यात न्यायची, अशी चिठ्ठी पदराला होती. त्या दिवशी वारा होता. कालव्याच्या भरावावरून येताना पीन सुटली की चिठ्ठी फाटून गेली, कुणास ठाऊक. सिस्टरनी त्या आठवड्यात चार गावांत साठ पोरं टोचली आणि गुरुवार निघून गेला. पुढं बाळंतपणात त्या मुलीची अवस्था वाईट झाली. पुण्याला न्यावं लागलं, बाहेरून रक्त चढवावं लागलं. आई आणि बाळ दोघंही वाचली. कुणी सिस्टरला बोल लावला नाही, कारण त्या चिठ्ठीचं कुणाला माहीतच नव्हतं.

त्या स्वतः मळ्यावर गेल्या. मी बरोबर होते. त्या सुनेची सासू दारात शेंगा फोडत बसली होती. सिस्टर तिच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आक्का, तुमच्या सुनंला आधी न्यायची व्हती. माझ्या हातनं ऱ्हायलं."

 म्हातारी शेंगा फोडत राहिली. मग फोडलेले दाणे तिनं सिस्टरच्या ओंजळीत टाकले. "पुन्यांदा ऱ्हाऊ देऊ नका," एवढंच म्हणाली.

असं आपण होऊन जाऊन सांगणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.  त्या दिवसापासून सिस्टर चिठ्ठीवर विसंबल्या नाहीत. काही वर्षं त्यांनी वही वापरली, पण वहीबद्दल त्यांची तक्रार एकच होती, वही हाक मारत नाही. मग त्यांच्या भाच्यानं जुन्नरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि एक वापरलेला फोन मावशीला दिला. पडदा आगपेटीएवढा, काळ्या-हिरव्या अक्षरांचा. भाच्यानं दाखवलं, यात काम लिहायचं, वेळ घालायची, त्या वेळेला हा ओरडतो. सिस्टरनी तो तीन वेळा ओरडवून घेतला आणि मग पिशवीत टाकला.

त्यात मराठी उमटत नसे. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, तेही दोन-तीन शब्दांत. एकेका अक्षरासाठी तेच बटण तीन-तीनदा दाबावं लागे. सिस्टर लिहीत असताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. लिहून झालं की समोरच्याला वाचून दाखवायच्या, "मंगळवार, आकरा वाजता, शांताचं वजन. बराबर?" समोरच्यानं हो म्हटल्याशिवाय पुढं जायच्या नाहीत.

आणि झालेलं काम फोनातून पुसण्याचा त्यांचा एक नियम होता, तो मी दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही. ज्याचं काम, त्यानंच पुसायचं. पोराला टोचून झालं, पोर भोकाड पसरून रडतंय, आणि सिस्टर त्याच्या आईपुढं फोन धरून म्हणतायत, "हे बटन दाब. झालं ना तुझं काम? मग तू पूस." शेणानं भरलेली बोटं, पिठाची बोटं, हळदीची बोटं त्या बटणावर पडायची. बटणावरचा आकडा कधीच पुसून गेला होता. सुरुवातीला बायका लाजायच्या, हसायच्या. मग त्यांना त्याची ऐट वाटायला लागली. मळ्यावरची एक म्हातारी तर गोळ्या संपल्या की चालत उपकेंद्रात यायची, केवळ आपल्या हातानं पुसायला.

मी एकदा विचारलं, "सिस्टर, तुमीच का नाय पुसत?"

"मी पुसलं तर मला वाटंल झालं," त्या म्हणाल्या. "तिला वाटलं पायजे."

हळूहळू लोक आपली कामंही त्यांच्या फोनात टाकायला लागले. सिस्टर, माझं रेशनकार्डाचं टाका. सिस्टर, आमच्या ह्यांना चष्मा करायला न्यायचंय, टाका. पहिल्यांदा त्या चिडल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. ठरल्या दिवशी फोन ओरडायचा आणि सिस्टर त्या घरासमोरून जाता जाता हाक द्यायच्या, "काय झालं चष्म्याचं?" चष्मा नाही झाला म्हणून एक माणूस त्यांना बघून उसात शिरल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय.

एक दिवस फोननं जागा नाही म्हणून सांगितलं. भाच्याचा निरोप आला, मावशी, जुनं काहीतरी काढून टाक. सिस्टर ओट्यावर बसून यादी वरून खाली, खालून वर बघत राहिल्या. मी म्हटलं, चष्म्याचं काढा की. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या यादी घेऊनच बाहेर पडल्या. दोन दिवस फिरल्या. सतरा कामं उरकली, सतरा जणांकडून पुसून घेतली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "झाली जागा." चष्मेवाल्याला त्यांनी उसातून काढून स्वतः एसटीत बसवला होता.

दुर्बिणीच्या आवारात काम करणाऱ्या एका मजुराच्या बाळाला डोस द्यायला आम्ही एकदा गेलो. तिथं मोबाईल चालू ठेवायचा नसतो. दारावरच्या पहारेकऱ्यानं नम्रपणे फोन मागितला, बंद करून खणात ठेवला. आम्ही परत आलो तर तो बिचारा खणाकडं बघत उभा. बंद केलेला फोन आतून ओरडत होता. जुन्या फोनांची खोड होती ती, बंद असले तरी गजर वाजायचा. "मावशी, हा बंद का होत नाही?" तो म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, "बंद हाय. काम चालू हाय."

पण सिस्टर म्हटलं की आमच्या गावाला आठवतो तो साकव.

वरचा मळा आणि गाव यांच्यामध्ये ओढा. एरवी दगडांवर पाय देऊन पार व्हायचं. पावसाळ्यात चार महिने मात्र मळा तुटायचा. दिवस भरलेल्या बायकांना जूनमध्येच माहेरी नाहीतर गावात कुणाकडं आणून ठेवावं लागे. सिमेंटच्या नळ्या टाकून साकव करायचा, हे दर ग्रामसभेत ठरायचं आणि तिथंच राहायचं. त्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या सभेत सरपंच म्हणाले, यंदा करूच. सिस्टर मागं बायकांत बसल्या होत्या. त्या उठल्या.

"सरपंच, तारीख सांगा."

"होळीच्या आत करू की."

सिस्टरनी भर सभेत चष्मा कपाळावर सरकवला आणि लिहायला सुरुवात केली. सगळी सभा त्यांचं लिहून होईपर्यंत थांबली. मग त्यांनी वाचून दाखवलं, "होळी. साकव. बराबर?" सरपंच हसले, बरोबर म्हणाले. लोकही हसले.

होळी झाली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सरपंचांच्या दारात फोन ओरडला. सिस्टर पायरीशी उभ्या होत्या. सरपंच म्हणाले, सोमवारी बघतो. सिस्टरनी सोमवार लिहिला. सोमवारी नऊला पुन्हा त्या दारात. असे पाच सोमवार गेले. सरपंच माणूस वाईट नव्हता, पण त्याचा प्रत्येक सोमवार पुढच्या सोमवारी असायचा. त्यांच्या घरच्या बायकांना तर फोनची इतकी सवय झाली की गजर ऐकून त्या चुलीवर चहा ठेवायच्या.

सहाव्या सोमवारी सरपंचांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. नऊ वाजले, फोन ओरडला. पाहुण्यांनी विचारलं, काय भानगड आहे? सिस्टरनी सरळ सांगितलं, "साकव व्हायचाय. इचारायला आले."

सरपंचांना ते लागलं. त्यांनी तालुक्याला तक्रार केली. सरकारी बाई दारात येऊन पाहुण्यांसमोर अपमान करते, बदली करा. सिस्टरच्या नोकरीची दोन-अडीच वर्षं राहिली होती. बदली झाली असती तर कुठल्या कोपऱ्यात गेल्या असत्या, सांगता येत नव्हतं. आणि मळ्यावरच्या तीन बायकांचे दिवस श्रावणाच्या आसपास भरणार होते.

चौकशीला तालुक्याचे आरोग्य खात्याचे साहेब पंचायतीच्या खोलीत आले. सरपंच, दोन सदस्य, सिस्टर आणि साक्षीला मी. अंगणवाडीची खोली पंचायतीची. ती काढून घेतली तर माझी पोरं मारुतीच्या पारावर बसली असती, हे मला घरून सांगून पाठवलं होतं. 

"सरपंचांच्या दारात जाऊन उभं राहणं तुम्हाला शोभतं का?" साहेबांनी विचारलं.

"नाय शोभत साहेब," सिस्टर म्हणाल्या. "सहाबी सोमवार मला लाज वाटली."

 साहेब माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही सांगा. सिस्टर लोकांना त्रास देतात का?"

माझा आवाज कुठून आला, मला माहीत नाही. मी म्हणाले, "साहेब, सोमवारी त्या दारात उभ्या ऱ्हातात ते सगळ्यांना दिसतं. पावसाळ्यात लशीचा डबा डोक्यावर धरून छातीएवढ्या पाण्यातनं मळ्यावर जातात, ते मी बघितलंय. तिथं दुसरं कुणी उभं नसतं."

 साहेबांनी फोन मागितला. सिस्टरनी दिला. साहेब एकेक ओळ पुढं सरकवत वाचू लागले. इंग्रजी अक्षरांतलं ते तुटक मराठी त्यांना लागत नव्हतं, म्हणून विचारत होते आणि सिस्टर सांगत होत्या. हे कुणाचं वजन, हा कुणाचा चष्मा, हा शाळेचा हौद. एका ओळीवर साहेब थांबले.

"'साहेब छत' म्हणजे काय?"

"उपकेंद्राचं छत गळतं. लशीच्या पेटीवर पाणी पडतं. तीनदा अर्ज दिलाय."

"कुणाला?"

"तुमालाच," सिस्टर म्हणाल्या.

एक सदस्य खोकला. साहेबांनी फोन टेबलावर ठेवला, कपाळ पुसलं आणि सरपंचांकडं बघून म्हणाले, "साकवाचं नक्की काय अडलंय?"

काहीच अडलं नव्हतं. नळ्या कुठून आणायच्या तेही ठरलेलं होतं, आणून टाकायच्या राहिल्या होत्या. वैशाखात नळ्या आल्या. मळ्यावरच्या लोकांनी दगड वाहिले, सरपंच स्वतः पायजमा वर खोचून चिखलात उभे राहिले. मृगाच्या आठवडाभर आधी साकव झाला. तोवर उपकेंद्राच्या छतावर नवे पत्रेही चढले होते आणि ते काम पुसायला साहेब मुद्दाम वाट वाकडी करून आले.

साकवावर नारळ फुटला. सरपंचांनी हात पुढं केला. "द्या सिस्टर. मला पुसू द्या." त्यांना बटण सापडेना. सिस्टरनी दाखवलं. त्यांनी दाबलं आणि मळ्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं का समाधान?" सरपंच म्हणाले.

सिस्टर साकवाच्या कडेला जाऊन खाली डोकावल्या. चष्मा कपाळावर गेला. "कठडा ऱ्हायला," त्या म्हणाल्या, "तारीख सांगा."

सरपंच कमरेवर हात ठेवून हसत सुटले. कठडा मात्र पंधरा दिवसांत झाला. सिस्टरना दारात जावं लागलं नाही.

त्याच श्रावणात मळ्यावरच्या माझ्या जावेला भरदुपारी कळा सुरू झाल्या. ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता, पाणी नळ्यांच्या वर चढायला हातभर बाकी होतं. जीप साकवावरून आली. मी जावेचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. खिडकीतून गढूळ पाणी दिसत होतं, त्याचा आवाज येत होता आणि चाकांखाली वाट घट्ट होती. उपकेंद्राच्या दारात सिस्टर हात धुऊन उभ्या होत्या. तासाभरात मुलगी झाली. ती आता शाळेत जाते, साकवावरूनच.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा गावानं शाळेच्या पटांगणात कार्यक्रम केला. सरपंचांनी भाषण केलं आणि सोमवारची गोष्ट स्वतःच सांगितली, तीही पुरी, आपली चूक न गाळता. सिस्टर खुर्चीवर अवघडून बसल्या होत्या. बोलायला सांगितलं तर उठून एवढंच म्हणाल्या, "नव्या सिस्टर येत्याल. त्यांना पाणी इचारत जा." आणि बसल्या. मला वाटतं, तेवढ्या वेळात मी दहा जणांना तरी सांगितलं असेल की मी यांच्याबरोबर सोळा वर्षं काम केलंय.

त्यानंतर दोनेक वर्षांनी नारायणगावच्या बाजारात त्या मला दिसल्या. केस पांढरे, चाल तीच. मी भाजी घेत होते. त्यांनी मला नमस्काराच्या आधी विचारलं, "लंगडतीस का?"

तळपायाला काचेनं कापलं होतं. महिना झाला होता, भरत नव्हतं. मी म्हटलं, "बघू पुढच्या आठवड्यात. अंगणवाडीची तपासणी आहे, ती झाली की दाखवते."

त्यांनी पिशवीतून फोन काढला. नवा होता, मोठ्या पडद्याचा. चष्मा कपाळावर गेला. अंगठा बटणावर आला, थांबला, आणि त्यांनी फोन पुन्हा पिशवीत टाकला.

"हे लिहायचं काम नाय," त्या म्हणाल्या. माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली आणि चालायला लागल्या. मी मागून लंगडत गेले.

पुढं तपासणीत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस थांबला असता तर पाय राखणं अवघड होतं. ते सगळं नंतरचं. त्या दिवशी दवाखान्यात शिरल्यावर टेबलाशी बसलेल्या मुलीनं कागद पुढं ओढला. माझं नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"आमच्या सिस्टर," मी म्हणाले.

तिनं पेशंटशी नातं या रकान्यात 'बहीण' लिहिलं आणि शेजारी त्यांचं नाव विचारलं. सिस्टरनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडलांच्या नावासकट. ते ऐकून मुलीचा हात जरा थांबला. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. आम्ही दोघी तिच्याकडं बघत राहिलो. मुलीनं नाव लिहिलं आणि कागद आत पाठवला.